प्रवेशाची खिडकी आणि मिलिंदाचे प्रश्न

आपल्या समीक्षेने कविता, कथा, आत्मकथन यांची चिकित्सा पुष्कळ केली. दलित विद्यार्थ्याच्या हाती या सर्वांच्या आधी पडणारा एक मजकूर मात्र तिच्या नजरेतून सुटला. तो म्हणजे महाविद्यालयाचे माहितीपत्रक. आणि या मजकुराचा जिवंत भाष्यकार म्हणजे प्रवेशाच्या खिडकीमागे बसलेला कर्मचारी. हा भाष्यकार स्वतःच्या संस्थेला किती ओळखतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तो केवळ कार्यालयीन प्रश्न नाही. गेवराई, धारूर, पाटोदा, केज या भागांतून घराण्यातला पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी त्या खिडकीपुढे उभी राहते, तेव्हा खिडकीतून मिळणाऱ्या उत्तरावर तिचे शिक्षण टिकते किंवा तुटते.

प्रथम मजकूर पाहू. माहितीपत्रकाच्या आरंभी संस्थापकांचे छायाचित्र असते, मग ध्येयवाक्य, मग ग्रामीण व तळागाळातील विद्यार्थ्यांच्या उद्धाराची भाषा. पुढे वाक्ये येतात : वसतिगृहाची सुविधा उपलब्ध आहे, सवलती नियमानुसार दिल्या जातील. या वाक्यांना कर्ता नाही. वसतिगृहात जागा किती, त्या कुणासाठी, अर्ज कुणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचा पत्ता नाही. हाच मजकूर विद्यार्थ्याकडे वळला की एकाएकी काटेकोर होतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, खंड प्रमाणपत्र, आधारला जोडलेले बँक खाते. यातला एकही तपशील सुटत नाही. संस्थेची कर्तव्ये कर्त्यावाचून आणि विद्यार्थ्याची कर्तव्ये आज्ञार्थात, असे या गद्याचे व्याकरण आहे.

खिडकीतला कर्मचारी याच व्याकरणात बोलतो. समोरच्या मुलाची जात, पोटजात, बापाचे उत्पन्न, शिक्षणातला खंड हे सारे त्याला दोन मिनिटांत कळते. पण त्याच्या संस्थेविषयी विचारा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असल्यापासूनची आहे. तिला पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षणशुल्क मागू नये, असे शासनाने महाविद्यालयांना वेळोवेळी बजावले आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. संस्थेत भेदभावाच्या तक्रारीसाठी अधिकारी नेमावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांत सांगितले. या चार गोष्टी विचारल्या तर उत्तरे ठरलेली असतात : ते टेबल वेगळे आहे, समाजकल्याणला विचारा, साइटवर बघा.

यात त्या कर्मचाऱ्याला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. पुष्कळदा तोही तुटपुंज्या पगारावरचा, कंत्राटी, आपल्याच मुलांपैकी एक असतो. त्याला संस्था कुणी शिकवलीच नाही. संस्थेने माहितीची वाटणी टेबलांमध्ये केली आणि कोणत्याही एका टेबलाला संपूर्ण संस्था कळू नये अशी व्यवस्था केली. ज्याला पूर्ण ठाऊक आहे त्याला उत्तर देणे भाग पडते; ज्याला ठाऊकच नाही तो निरुत्तर असूनही निर्दोष राहतो. हे अज्ञान संस्थेच्या सोयीचे आहे.

गावगाड्याचा दाखला इथे घ्यायला हवा. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष काढली जाई, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याला ठाऊक असे. ज्याला वेशीच्या आत घर नव्हते त्यालाच गाव पूर्ण माहीत होते. महाविद्यालयात आजही तेच चालू आहे. प्रवेशाची खरी माहिती खिडकीत मिळत नाही. ती वसतिगृहातल्या, दोन वर्षे अर्ज नाकारले गेलेल्या, समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या थोरल्या मुलाकडे मिळते. बिनपगारी प्रवेश अधिकारी तोच.

ऊसतोडीने हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली कोयती पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. प्रवेश पावसाळ्यात होतो, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत पुष्कळदा दिवाळीपलीकडे जाते. २०१८ पासून हा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. तेव्हा बाप उसाच्या फडात, त्याचा मोबाइल त्याच्याजवळ आणि सांकेतिक क्रमांक त्या मोबाइलवर. 'पालकांना घेऊन ये' हे खिडकीतले वाक्य त्या मुलीपुरते प्रवेश नाकारण्याचे वाक्य ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. आपला विद्यार्थी कुठल्या हंगामात एकटा पडतो हे ज्या संस्थेला ठाऊक नाही, तिला ही योजना वेळेवर सांगणे कसे सुचणार?

कागदावरचा एक रकाना माणसाचे काय करतो, हे आपल्या साहित्याने फार पूर्वी सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापाच्या नावाचा रकाना हा अस्तित्वाचाच प्रश्न होतो. समीक्षकांनी तिथे वेदना पाहिली, ते योग्यच. पण ते पान अर्जाच्या नमुन्याचीही समीक्षा आहे. तो नमुना तयार करणाऱ्याने विशिष्ट घरातलाच मुलगा गृहीत धरला होता. आपल्या दारात कोण येणार हे त्या व्यवस्थेला ठाऊक नव्हते. म्हणजेच ती स्वतःलाही ओळखत नव्हती.

माहितीपत्रकावर विद्यापीठाचे नाव असते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाले. खिडकीत त्याचे 'बामु' झाले आहे. संक्षेप सोयीचा असतो, हे मान्य. पण सोळा वर्षांचा लढा ज्या नावात आहे ते केवळ शिक्क्यावरचे अक्षर उरले, तर संस्थेला स्वतःचा इतिहासही ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल.

याच मराठवाड्यात वेगळा पायंडा पडला होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले. 'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथातला हा ग्रीक राजा प्रश्न विचारतो. संवादापूर्वी भिक्खू नागसेन त्याच्याकडून एक गोष्ट ठरवून घेतात : बोलायचे ते पंडितांसारखे, राजांसारखे नव्हे. चूक दाखवली तर पंडित रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात. संस्थेला असे नाव देण्याचा अर्थ आपण काय घ्यायचा? माझ्या मते, विद्येच्या दारात प्रश्न दोन्ही बाजूंनी चालले पाहिजेत. आज ते एकाच बाजूने चालतात. खिडकी राजासारखी बोलते.

म्हणून मागणी साधी आहे. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर संस्थापकांच्या छायाचित्राखाली विद्यार्थ्याचे प्रश्न छापावेत : मला किती पैसे भरावे लागतील, राहायचे कुठे, शिष्यवृत्ती अडली तर कोण पाठपुरावा करील, अपमान झाला तर कुणाकडे जायचे. प्रत्येक उत्तरापुढे जबाबदार माणसाचे नाव असावे आणि खिडकीतल्या कर्मचाऱ्याला ही उत्तरे प्रवेश सुरू होण्याआधी संस्थेने शिकवावीत. ज्या महाविद्यालयाला हे पान लिहिता येत नाही, त्याने विद्यार्थ्याकडे दाखले मागण्यापूर्वी आपला दाखला द्यावा.