पांढरा कांदा आणि स्थिरचित्राचा सराव

उन्हाळा लागला की अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा पनवेलच्या बाजारात येतात. अशीच एक माळ आम्ही घरी आणली ती कोशिंबिरीसाठी; परंतु तिच्यातील एक कांदा पंधरा दिवस आमच्या टेबलावरच राहिला. पांढऱ्या कापडावर तो ठेवावा आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर अ‍ॅक्रिलिक रंगांनी रोज एकदा रंगवावा, असा नेम आम्ही केला होता. अशा सरावाने हात सुधारतो काय, आणि सुधारत असल्यास नेमका कशामुळे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्याकडील बहुतेकांची स्थिरचित्राशी पहिली ओळख होते ती कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत. समोर एखादे भांडे, दोन फळे, मागे पडदा. आणि विद्यार्थ्याच्या मनात आधीच पाठ झालेला एक साचा. भांड्याच्या एका बाजूस पांढरा ठिपका, दुसऱ्या बाजूस काळसर छटा, खाली करडी सावली. या परीक्षेला आम्ही दोष देत नाही. खेड्यापाड्यांतील शाळांत मुलांच्या हाती कुंचला आला तो बव्हंशी तिच्यामुळेच. दोष आहे तो साच्याचा. मूल भांड्याकडे पाहतच नाही. ते भांड्याविषयी सांगितलेले आठवते. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते, कारण जे पाहिलेच नाही त्याची ओढ कशी राहणार?

आम्हीही पहिल्या दिवशी तेच केले. ट्यूबमधला पांढरा जसाच्या तसा लावला, त्यात काळा मिसळून छाया केली, आणि कागदावर सिमेंटचा गोळा उतरला. चौथ्या दिवशी प्रथम लक्षात आले की कांद्यावर खरा पांढरा फार तर चवलीएवढा आहे. खिडकीच्या विरुद्ध बाजूची छाया निळसर जांभळी आहे, बुडाशी कापडाचा उजेड परतून आल्याने तो भाग उबदार दिसतो, आणि मुळांजवळच्या सालीत पिवळट झाक आहे. काळ्या रंगाची गरजच नव्हती. निळा आणि तपकिरी पुरेसे झाले.

अ‍ॅक्रिलिक हे माध्यम या अभ्यासाला सोयीचे आहे, पण भोळे नाही. पाण्यात मिसळलेल्या राळेत रंगद्रव्य धरून ठेवणारे हे रंग १९५०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. पाणी उडून गेले की थर पक्का होतो, तो पुन्हा पाण्याने सुटत नाही. ओली असताना दुधाळ दिसणारी ही राळ वाळल्यावर पारदर्शक होते. म्हणून रंग लावताना दिसला त्याहून किंचित गडद भासतो. पांढऱ्या वस्तूच्या नाजूक छटा यामुळेच चुकतात. पनवेलच्या एप्रिलमध्ये तर मिसळता मिसळताच रंग सुकतो. पसरट डब्यात ओले फडके घालून त्यावर बटर पेपर ठेवला व रंग त्यावर काढले, तर ते बराच वेळ ओले राहतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने ही घाई उरत नाही.

चूक झाल्यास पाऊण तासाच्या आत वरून दुसरा थर देता येतो, हा या माध्यमाचा गुण. आणि तोच त्याचा मोह. झाकता येते म्हणून माणूस पाहण्याआधीच रंगवू लागतो. लहान आकार येथे उपयोगी पडतो. इवल्याशा जागेत बारकाव्यांची गर्दी करता येत नाही; मोठ्या छटा प्रथम ठरवाव्याच लागतात. एकच रुंद कुंचला आणि एक तास, एवढी मर्यादा आम्ही घालून घेतली होती.

इटलीतील बोलोन्या येथील जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) यांनी त्याच त्या बाटल्या आणि डबे अनेक दशके रंगविले. त्यांच्याबाबतीत सराव कोठे संपला आणि कलाकृती कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. याच्या अगदी उलट आपल्या गोव्याच्या साळगावात १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा. वेदीवरील कॅलिस आणि इतर पात्रे त्यांच्या स्थिरचित्रांत ठसठशीत काळ्या रेषेने उभी राहतात. आपण दर रविवारी पाहतो तीच ही पात्रे. पण आपण ती पाहिली होती का, असा प्रश्न ही चित्रे विचारतात. एकाची शांतता आणि दुसऱ्याचा आवेश यांत साम्य एवढेच, की दोघेही वस्तूपाशी थांबले.

सरावाचा धोकाही सांगितला पाहिजे. बाराव्या दिवशीचा आमचा कांदा झटपट आणि देखणा उतरला, आणि तो खोटा होता. त्या सकाळी आभाळ आले होते, छाया मऊ झाली होती. आम्ही मात्र आदल्या दिवशीचे चित्रच पुन्हा काढले. म्हणजे परीक्षेतला साचा टाकून आम्ही स्वतःचा नवा साचा तयार केला होता. नुसत्या संख्येने कौशल्य वाढते, हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे. हात सैल होतो हे निश्चित. डोळा मात्र दर दिवशी नव्याने जागा करावा लागतो. वस्तू फिरवावी, खिडकी बदलावी, न जमल्यास त्या दिवशी नुसते पाहावे.

आपल्या घरांतील मुलांना कॅलेंडरवरील देखावे उतरवून काढायला बसविण्याऐवजी स्वयंपाकघरातील एक वाटी त्यांच्यापुढे ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे. चित्र वाईट आले तर येऊ द्यावे. आमच्या पंधरा कागदांपैकी भिंतीवर लावण्याजोगा बारावा आहे. जपून ठेवला आहे तो चौथा.