वरून डोंगर साजरे

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, तर बारावा तामिळनाडूतला जिंजी. बातमी ऐकून आम्हा नोव्हायकरांचाही ऊर भरून आला! तेव्हापासून ड्रोनने टिपलेले गडकोटांचे व्हिडिओ मी बरेच पाहिले. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मनात सह्याद्रीचे जे चित्र ठसणार, ते बहुधा यांतूनच. म्हणून त्यांचे नुसते कौतुक न करता थोडी चिकित्साही करावी असे वाटते.

आधी गुण. राजगडच्या संजीवनी माचीची चिलखती तटबंदी, म्हणजे एकामागे एक अशा दोन भिंती आणि मधली चिंचोळी वाट, जमिनीवरून पटकन ध्यानात येत नाही. वरून पाहिली की बांधणाऱ्याची अक्कल एका नजरेत कळते. हे श्रेय ड्रोनचेच.

आता दोष. बहुतेक जण 'फोर के' आणि मेगापिक्सेलचे आकडे मिरवतात. खरा प्रश्न असतो सेन्सरच्या क्षेत्रफळाचा. पागोळ्यांखाली वाटी ठेवली काय नि घंगाळ ठेवले काय, फरक पडणारच! बऱ्याच जुन्या ड्रोनमधला सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. 'एक इंची' म्हणवणारा सुमारे ११६ चौरस मिलिमीटर भरतो. (त्याची रुंदीही इंचभर नसते, फक्त १३.२ मिलिमीटर असते. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आले आहे.) अमेरिकेत हौशी उड्डाणासाठी २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नोंदणी लागत नाही आणि भारतातही २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनला नियम सौम्य आहेत. त्यामुळे कंपन्या वजनात काटकसर करतात, आणि मोठा सेन्सर व त्याला लागणारी मोठी लेन्स बहुतेकदा परवडत नाही. परिणाम? संध्याकाळच्या सावलीतला काळा दगड पडद्यावर लापशीसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट लेन्सची. ड्रोनची मुख्य लेन्स साधारणपणे रुंद कोनाची असते. तिच्यात सगळा गड मावतो, पण वरून खाली पाहिले की उंची हरवते. रायगडचे टकमक टोक अशा व्हिडिओत नकाशावरच्या पेन्सिलीच्या टोकासारखे दिसते आणि पोटात गोळा काही येत नाही. तोच कडा बाजूने, त्याच्याच उंचीवरून आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपला तर काळजात धस्स होईल. २०१० साली आलेले उद्धव ठाकरे यांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक (राजकारण बाजूला ठेवून) या दृष्टीने जरूर चाळावे. हेलिकॉप्टरमधल्या छायाचित्रकाराला मोठा कॅमेरा आणि हवी ती लेन्स नेता येते. शिवाय छापील पानावर नजर हवी तितकी थांबते. व्हिडिओत ड्रोन मात्र पाहुण्यासारखा घाईत असतो.

तिसरे सॉफ्टवेअर, म्हणजे आमच्याच धंद्यातली भानगड. सेन्सरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून हिशेबाने भरले जातात. म्हणजे रंगांची दोन तृतीयांश माहिती मुळात अंदाजच! यात फसवणूक काहीच नाही. फसवणूक होते पुढे, जेव्हा रंग भडक केले जातात, कडा धारदार केल्या जातात आणि 'स्वच्छ' करण्याच्या नादात दगडाचा पोतही पुसला जातो. पावसाळ्यातले गवत, कारवी आणि तटावरचे शेवाळ यांच्या हिरव्या रंगांत किती फरक असतो! व्हिडिओत मात्र सगळा गड एकाच पोपटी रंगात बुडालेला. याचा पडताळा इथेच घेता येईल. ऑक्टोबरमध्ये अंगणातला लाल मेपल खिडकीतून पाहा आणि मग ड्रोनने किंवा फोनने टिपलेला पाहा. पानापानातला फरक जाऊन लाल डाग उरला असेल, तर राजगडच्या हिरव्याचे काय झाले ते कळेल.

पुढच्या शिवजयंतीला मंडळात व्हिडिओ दाखवायचा असेल, तर निवडणाऱ्यांना माझी विनंती आहे. सावलीतला दगड दिसतो का, कड्याची खोली जाणवते का, हिरव्याच्या चार छटा वेगळ्या कळतात का, एवढे तपासा. मेगापिक्सेल नंतर विचारा. मुलांनी राजगड प्रत्यक्ष पाहिल्यावर "बाबा, हा तर टीव्हीतल्यापेक्षा फिका आहे" असे म्हणू नये, एवढीच इच्छा.