‘मेलें’ आणि ‘ब्लडी’

त्रासलेल्या मनुष्याच्या तोंडून जे शब्द आपोआप बाहेर पडतात, त्यांकडे टीकाकारांचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः भाषेचा खरा कस लागतो तो तेथेंच.

इंग्रजींतील ‘ब्लडी’ हें क्रियाविशेषण घ्या. ‘बाय अवर लेडी’ या मेरीमातेच्या शपथेचा तो अपभ्रंश होय, असें पुष्कळांस वाटतें. कल्पना गोड आहे, पण टिकणारी नाहीं. सतराव्या शतकांत हा शब्द दारूनें झिंगलेल्यांच्या वर्णनांत ‘अतिशय’ या अर्थीं येतो. तेथें शपथेचें काय काम? त्या काळच्या कुलीन पण उनाड तरुणांस ‘ब्लड’ म्हणत. त्यांच्याशीं कोशकार या शब्दाचा संबंध जोडतात. १९१४ सालीं शॉच्या ‘पिग्मॅलिअन’मधील फुलवालीनें तो लंडनच्या रंगभूमीवर उच्चारला आणि केवढी खळबळ उडाली! त्यांत कोणाचाहि अपमान नव्हता. सभ्य बैठकींत रस्त्यावरचा वैताग शिरला, एवढाच अपराध.

आमच्या घरांत हेंच काम ‘मेलें’ करतें. ‘मरणें’ या धातूचें हें भूतकालवाचक रूप. ‘मेला पाऊस’, ‘मेली कटकट’ येथें तें विशेषण आहे व लिंगाप्रमाणें बदलतें. परंतु ‘मेलं लक्षांतच राहत नाहीं’ येथें तें कोणाचेंच विशेषण नाहीं, निव्वळ त्राग्याचें क्रियाविशेषण आहे. शाप झिजून त्याचा उद्गार झाला. आणि ‘मला मेलीला कोण विचारतो?’ असें गृहिणी म्हणते, तेव्हां तो शाप ती स्वतःवरच घेते. जिला दुसऱ्यावर रागावण्याची मुभा नव्हती, तिनें राग व्यक्त करण्याची ही वाट काढली, असें आम्हांस वाटतें.

‘जळलं’ याचीहि हीच कथा. यवतमाळ जिल्ह्यांतील वऱ्हाडी बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो ‘डोया’, तसें जळलं तें ‘जयलं’. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडानें १९०५ सालींच या बोलीची दखल घेतली. तरीहि वणी-पुसदकडील पात्र कथेंत आलें कीं त्याच्या तोंडचा ‘य’ पुसून पुणेरी ‘ळ’ घालण्याची हौस कांहीं लेखकांस आवरत नाहीं. शब्द शुद्ध होतो. राग मात्र खोटा ठरतो.

भाषांतरकारांचा दोष याच्या उलट. ‘ब्लडी’ दिसला कीं ते ‘रक्ताळलेला’ तरी लिहितात, नाहीं तर ठेवणींतील शिवी देतात. पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणतांना शब्दास शब्द न जोडतां मूळ कथेस मराठी बोलींचा संसार दिला. मार्ग तोच खरा. अशा शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तींत नसतो. कोण, कोणापुढें आणि किती सोसून तो उच्चारतो, यांत असतो. तेवढें ज्यास ऐकूं येईल, त्यानेंच भाषांतरास हात घालावा.