फैजपूरचा ठराव आणि महार वतन

तत्त्व थोर असले म्हणजे त्याचा उद्गाता निर्दोष ठरतो काय? आणि उद्गाता दोषी ठरला म्हणजे त्याचे तत्त्व खोटे ठरते काय? राष्ट्रपुरुषांविषयीच्या लेखनात या दोन प्रश्नांची नेहमी गल्लत केली जाते. धम्माच्या अभ्यासकाने ते वेगळे ठेवले पाहिजेत.

सर्व माणसे समान आहेत, असे १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले आणि मोजक्यांनाच मुक्त केले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांस अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. जाहीरनामा लिहिणाऱ्यांपेक्षा त्याची किंमत मोजणाऱ्यांस जोतीरावांनी मान दिला, हे येथे ध्यानात घ्यावे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच जेफरसनचा आधार घेतला. एका पिढीस पुढील पिढ्यांना बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, हा तो विचार. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेविरुद्ध इशाराही दिला. विचार स्वीकारावा, व्यक्तीस देव्हाऱ्यात बसवू नये, हीच त्यांची रीत.

हाच निकष आपल्या खानदेशास लावू. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. तेथील शेतीविषयक कार्यक्रमात सरंजामी देणी व वेठबिगार नष्ट करण्याची मागणी होती. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याच वेळी पूर्व व पश्चिम खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या गावोगावी, वतनाच्या नावाखाली महारांकडून येसकरकी करविली जात होती, निरोप धाडले जात होते, मेलेली ढोरे ओढविली जात होती. १८७४ च्या वतन कायद्याने या राबणुकीस कायद्याचे बळ दिले होते. त्यात सुधारणा करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात आणलेले विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. फैजपूरनंतर १९३७ ते १९३९ या काळात मुंबई प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते, तरी वतन टिकले. ते रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. ठरावानंतर बावीस वर्षांनी!

यास केवळ ढोंग म्हणून चालणार नाही. ठरावाची नजर जमीनदाराकडे व सरकारकडे होती. गाव स्वतः कोणास वेठीस धरतो, इकडे ती वळली नाही. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यास स्वतःच्या दारातील दास्य दिसत नाही, हा जेफरसनचाच दोष आहे.

हा निकष आपणांसही चुकत नाही. अंगुत्तरनिकायात तथागतांनी उपासकास सत्तवणिज्जा निषिद्ध केली आणि अट्ठकथेने तिचा अर्थ मनुष्यविक्रय असा सांगितला. मात्र दासास प्रव्रज्या देऊ नये, हा नियमही विनयपिटकाच्या महावग्गात आहे. हे वचन झाकून ठेवणारा अभ्यासक फैजपूरच्या गौरवकारांहून वेगळा नाही. दुसऱ्या वचनाने पहिल्याचे सत्य नष्ट होत नाही, आणि पहिल्याच्या थोरवीने दुसऱ्याची चिकित्सा टळत नाही.

म्हणून संस्थापकांस दोषमुक्त करणे किंवा त्यांचे पुतळे पाडणे, एवढ्यावर हा विषय संपत नाही. तत्त्वाचे खरे वारसदार ते, ज्यांना त्यातून वगळले गेले आणि ज्यांनी ते पुरे करून मागितले. वतनाच्या जमिनीपेक्षा माणुसकी मोठी मानणाऱ्या आपल्या आजोबा-आजींनी फैजपूरचा ठराव खऱ्या अर्थाने वाचला होता.