रामगढचा इमाम, मालेगावचा गब्बर

'शोले' हा आपल्याकडचा वेस्टर्न, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' (१९५४), त्यावरून हॉलिवूडने काढलेला 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०), सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८), या साऱ्यांचे ऋण त्याच्यावर आहे. सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी घोडे, आगगाडीवरचा हल्ला, भाड्याने आणलेले दोन बंदूकबाज हा ऐवज उघडपणे उचलला आणि बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत आणून ठेवला. पण नुसत्या उचललेल्या ऐवजाने माणसे पन्नास वर्षे धरून ठेवली नसती. वेस्टर्नच्या गावात बहुधा कायदा पोहोचलेलाच नसतो. रामगढमध्ये तो ठाकूरच्या रूपाने होता आणि त्याचे हात छाटले गेले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, लोकांनी हे पाहिले. ठाकूर गब्बरला ठार मारतो हा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला आणि ऐनवेळी पोलीस आणले. (हिंदी सिनेमात पोलीस शेवटी येतातच, इथे ते सरकारी हुकमाने आले, एवढाच फरक.)

आमचे मन मात्र दरवेळी इमामसाहेबांपाशी अडते. आंधळ्या बापाला सोडून नोकरीसाठी परगावी जायला अहमद तयार नसतो. बापच त्याला राजी करतो. मग घोड्यावरून त्याचे प्रेत परत येते. गाव कच खाते, जय-वीरूला घालवून द्या म्हणू लागते. तेव्हा मुलगा गमावलेला इमाम गावाला ताठ उभे राहायला सांगतो आणि गावासाठी शहीद व्हायला आणखी मुलगे का दिले नाहीस, हे अल्लाहला विचारायची भाषा करतो.

ए. के. हंगल यांनी हा प्रसंग जराही आवाज न चढवता केला आहे, आणि तो खोटा वाटत नाही. सगळ्या गावाचा निर्णय एका मुसलमान म्हाताऱ्याच्या शब्दावर ठरतो, असे हिंदी पडद्यावर कितीदा घडले? पण डोळे पुसून झाल्यावर प्रश्न उरतोच. रामगढच्या मुसलमानाला ना शेत, ना धंदा, ना प्रेमप्रकरण. त्याच्या वाट्याला मशीद, आंधळेपण आणि कुर्बानी. आपला चांगुलपणा सिद्ध करायला त्याला मुलगाच द्यावा लागतो. सूरमा भोपालीला कोणी आपल्यातला म्हणेल; पण तो रामगढचा नव्हे.

या वाटणीला उत्तर मिळाले ते आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, तेही कोणी ठरवून न देता. २००० साली व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा ही जुनी रीत. इथे घोडे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. ठाकूर, गब्बर, जय, वीरू, सारे गावातलेच. कुर्बानीची एकच जागा ज्यांना मिळाली होती त्यांनी अख्खे रामगढ ताब्यात घेतले आणि पोट धरून हसले. नकलेत कला किती, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. २००६ आणि २००८ साली ज्या गावाचे नाव देशाने बॉम्बस्फोटांमुळे ऐकले, त्याच गावाचे हे हसू फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात सापडते. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ साली चित्रपटगृहांत आला. तो चांगला आहे, पण डोळ्यांत पाणी आणायची त्याला जरा घाई आहे. माहितीपटाला ती नाही.

आणि माहितीपटात आणखी एक गोष्ट दिसते, जी आम्हाला टोचते. नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण गावातली बाई कॅमेऱ्यासमोर येणार नाही. टांगा हाकणाऱ्या, तोंडाळ बसंतीवर गाव खूश होते, पण गावातल्या कुणा पोरीला बसंती होता आले नाही. घोड्यांची उणीव सायकलींनी भरून निघाली. ही तशीच राहिली.