शिकारी आणि कारकून

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यांत युकॉन नांवाचा एक विस्तीर्ण व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांत क्लुआनी हें मोठें सरोवर असून त्याच्या कांठीं बरवॉश लँडिंग हें लहानसें खेडें वसलेलें आहे. या खेड्यांतील मूळ रहिवाशांमध्यें राहून प्रो. पॉल नाडास्डी यांनीं लिहिलेला 'हंटर्स अँड ब्यूरोक्रॅट्स' हा ग्रंथ २००३ सालीं प्रसिद्ध झाला. मानववंशशास्त्राचा ग्रंथ म्हणजे नात्यागोत्यांच्या आकृत्या आणि लांबलचक परिशिष्टें, अशा समजुतीनें पुष्कळ वाचक तो बाजूस सारतील. प्रस्तुत लेखकानेंहि तो बरेच दिवस तसाच ठेवून दिला होता. परंतु वाचूं लागल्यावर असें आढळून आलें कीं, यांतील खरा विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपलें गाऱ्हाणें परक्याच्या भाषेंत मांडण्याची पाळी ज्याच्यावर येते त्या माणसाचें पुढें काय होतें, हाच तो विषय होय.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. १९४२ सालीं युद्धाच्या निमित्तानें अलास्काचा हमरस्ता या मुलखांतून गेला आणि दुसऱ्याच वर्षीं रस्त्यापलीकडील विस्तीर्ण टापू वन्य पशूंचें अभयस्थान म्हणून राखून ठेवण्यांत आला. त्यामुळें ज्या डोंगरांत बापजाद्यांनीं शिकार केली तेथेंच शिकार करणें हा क्लुआनी लोकांचा गुन्हा ठरला. १९७३ सालीं युकॉनमधील मूळ समाजांच्या पुढाऱ्यांनीं आपली मागणी राजधानींत नेऊन सादर केली, व वीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९९३ सालीं सर्वांना लागू असा एक करार झाला. त्या करारानें वन्य पशु व मासे यांच्या व्यवस्थेंत मूळ रहिवाशांना सरकारच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा हक्क दिला. मध्यवर्ती मंडळावर बारा सभासद, त्यांतले निम्मे त्यांचे. स्थानिक मंडळावर सहा, त्यांतले तीन त्यांचे. यालाच सहव्यवस्थापन म्हणतात. मात्र या मंडळांनीं करावयाची ती शिफारस. शेवटचा शब्द मंत्र्याचा.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण कोर्टच ज्याच्या अंगणांत येऊन बसलें त्यानें काय करावें? क्लुआनी लोक पायरी चढले. त्यांनीं कचेरी उघडली, नकाशे काढले, अहवाल लिहिले. ग्रंथाचा पूर्वार्ध या घडामोडीस वाहिलेला आहे. जमिनीवरील आपला हक्क राखावयाचा म्हणून जीं माणसें दिवसभर कचेरींत बसतात, त्यांना त्या जमिनीवर पाऊल टाकावयास रविवारखेरीज सवड उरत नाहीं, हें त्यांतील निरीक्षण मार्मिक आहे.

परंतु ग्रंथाचा गाभा म्हणजे रूबी पर्वतराजींतील रानमेंढ्यांचें प्रकरण. हे डाल जातीचे पांढरेशुभ्र मेंढे कमी होत चालले आहेत, अशी तक्रार क्लुआनी वृद्धांनीं केली. त्यावरून १९९५ सालीं एक समिति नेमण्यांत आली. सरकारी प्राणिशास्त्रज्ञ, धनिक परदेशी पाहुण्यांना शिकारीस नेण्याचा धंदा करणारे लोक आणि क्लुआनी प्रतिनिधि असे सर्व जण एका मेजाभोंवतीं बसले. कोणाच्याहि मनांत कपट नव्हतें, हें ग्रंथकर्ते प्रामाणिकपणें नमूद करतात. शास्त्रज्ञांनीं विमानांतून केलेल्या मोजणीचे आंकडे पुढें ठेविले. वृद्धांनीं जन्मभर पाहिलेलें सांगितलें. आतां कायदा असा होता कीं, ज्याच्या शिंगांनीं पुरा वळसा घेतला आहे अशाच नराची शिकार करावी. वंशवृद्धीस तरुण नर पुरेसे असतात, तेव्हां म्हातारे गेल्यानें कळपाची हानि होत नाहीं, असा त्यामागील हिशेब. क्लुआनी लोकांचें म्हणणें नेमकें उलट होतें. हे म्हातारे मेंढे कळपाचे शिक्षक आहेत, जगण्याची रीत तरुणांना त्यांच्यापासून मिळते, आणि त्यांनाच वेंचून मारणें म्हणजे आमच्या गांवांतले सगळे वडीलधारे नाहींसे करण्यासारखें आहे, असें ते सांगत होते.

हा मुद्दा कोणीं खोडून काढला नाहीं. तो ऐकला गेला, आणि निर्णयाच्या हिशेबांत शिरलाच नाहीं. कारण त्या हिशेबांत त्याच्यासाठीं रकानाच नव्हता. अमुक वर्षीं अमुक डोंगरावर इतके मेंढे दिसत असत, एवढें वृद्धाच्या बोलण्यांतून घेतां येत होतें. मेंढा हा शिक्षक आहे, हें घेतां येत नव्हतें. ही पानें वाचतांना मन उद्विग्न होतें.

माशांसंबंधींची हकीकतहि अशीच बोलकी आहे. गळास लागलेला मासा पुन्हा पाण्यांत सोडावा, म्हणजे माशांचें रक्षण होतें, असें सरकार व हौशी गळवाले मानतात. क्लुआनी लोकांच्या दृष्टीनें हा माशाशीं चालविलेला खेळ आहे. मासा आपला देह देतो. तो घ्यावा आणि खावा, परत करून त्याचा अपमान करूं नये. प्रो. नाडास्डी यांनीं २००७ सालच्या एका लेखांत स्वतःवर आलेला प्रसंग सांगितला आहे. त्यांनीं लावलेला फास तोडून एक ससा पळाला, आणि कांहीं दिवसांनीं गळ्यांत तीच तार घेऊन त्यांच्या झोपडीच्या दाराशीं आला. शास्त्राच्या अध्यापकानें हें छापून काढावें यास धैर्य लागतें. अशा गोष्टींना श्रद्धा म्हणून मान डोलवावयाची आणि ज्ञान म्हणून मात्र दारांत उभें करावयाचें नाहीं, या रीतीचा त्यांना वीट आला आहे.

येथवर ग्रंथकर्त्यांशीं आमचें पूर्ण मतैक्य आहे. यापुढें मात्र नाहीं. सरकारच्या भाषेंत बोलूं लागणें हीच अर्धी हार होय, असा सूर उत्तरार्धांत वारंवार उमटतो. सत्तेचा प्रश्न ज्ञानाच्या गोड शब्दांखालीं झांकला जातो, हें त्यांचें म्हणणें खरें; पण मग दोष भाषेचा कीं शेवटचा शब्द राखून ठेवणाऱ्या मंत्र्याचा? दोन उदाहरणें ग्रंथकर्त्यांच्या घरापासून फार दूर नाहींत. हैडा लोकांनीं १९८५ सालीं लाकूडतोडीचा रस्ता अडविला, त्यांतील वृद्ध मंडळी कैद झालीं, आणि १९९३ सालीं ग्वाइ हानास बेटांविषयीं जो करार झाला त्यांत जमीन कोणाची याबद्दल हैडांचें मत एका रकान्यांत व कॅनडा सरकारचें दुसऱ्या रकान्यांत असें शेजारीं शेजारीं छापलें आहे. मतभेद मिटविल्याचें सोंग न करतां समसमान सभासदांचें मंडळ तेथें काम करूं लागलें. दुसरें उदाहरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांतील. १९७४ सालीं न्यायमूर्ति बोल्ट यांनीं जुन्या तहांचा अर्थ लावून तहांतील जमातींना सामन माशांचा निम्मा वांटा दिला. त्यानंतर त्या जमातींनीं स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ नेमले, आणि पूर्वीं त्यांच्याविरुद्ध वापरले जाणारे आंकडे त्यांचेंच हत्यार बनलें. मासेमारीसाठीं पन्नासांहून अधिक वेळां कैद झालेले बिली फ्रँक हे पुढें तीसएक वर्षें तेथील संयुक्त मंडळाचे अध्यक्ष होते. २०१४ सालीं ते वारले. त्यांनीं आयुष्य बैठकींत घालविलें म्हणून नदी त्यांच्यापासून दूर गेली, असें कोण म्हणेल?

आपल्याकडील एक गोष्ट येथें आठवते. १९२७ च्या वनकायद्यानें बांबूस झाड ठरविलें होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें त्यास गौण वनोपज म्हटलें. या एका व्याख्येच्या भांडणापायीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास, २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळूनहि, बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार २०११ सालापर्यंत मिळाला नाहीं. ज्यांनीं कायद्याचीं कलमें तोंडपाठ केलीं त्यांनींच तो मिळविला.

म्हणून वाटतें कीं, प्रो. नाडास्डी यांनीं आपल्या ग्रंथांतील मधल्या माणसांकडे अधिक पाहावयास हवें होतें. सकाळीं कचेरींत अहवाल लिहून सायंकाळीं आजोबांकडे मांस पोंचविणारी, शास्त्रज्ञाचें बोलणें वृद्धांना आणि वृद्धांचें शास्त्रज्ञाला समजावून देणारी, आणि दोन्हीं बाजूंचा राग सोसणारी हीं माणसें ग्रंथांत येतात. पण वृद्ध शिकारी जसे डोळ्यांपुढें उभे राहतात तशीं हीं राहत नाहींत. या कामाचा सारा भार तर त्यांच्यावर. समाजशास्त्रांतील पंडितांच्या मतांचा ऊहापोह थोडा कमी केला असता तर त्यांना जागा झाली असती. ग्रंथकर्त्यांची भाषा एरवीं स्वच्छ आहे, परंतु त्या प्रकरणांत ती जड होते, आणि ज्या परिभाषेवर ते टीका करतात तिच्याच एखाद्या बहिणीशीं त्यांनीं सोयरीक केल्यासारखें वाटतें.

ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं क्लुआनी समाजानें आपल्या स्वतंत्र करारावर सह्या केल्या, आणि तो २००४ सालीं अंमलांत आला. त्यानंतरच्या युकॉनविषयीं प्रो. नाडास्डी यांनीं २०१७ सालीं 'सॉव्हरेन्टीज एन्टेलमेन्ट्स' हा दुसरा ग्रंथ लिहिला आहे. त्याचा परामर्श पुढें केव्हां तरी घेऊं.