जुन्या हिशेबांतील उभ्या रेघा व एक टंकित प्रत

मुरुड येथील एका बागायतदाराच्या घरच्या, जंजिरा संस्थानच्या काळांतील दप्तराची संगणकावर तयार केलेली प्रत नुकतीच आमच्या पाहण्यांत आली. मूळ मोडी, प्रत बालबोध. पत्रांचें वाचन इतकें चोख आहे कीं, संपादकांच्या मोडीच्या व्यासंगाविषयीं शंका राहत नाहीं. म्हणूनच हिशेबाच्या पानांवर जें झालें आहे तें उघड सांगणें प्राप्त आहे.

नारळ-सुपारीच्या एका यादींत तीन रकमा अशा छापल्या आहेत: ५११, ३१, २१११. खालीं बेरीज ११११. वस्तुतः या तिहींची बेरीज २६५३ भरते. संपादकांनीं तळटीप दिली आहे कीं, कारकुनाची बेरीज चुकली असावी. आम्हीं मूळ बंद मागवून पाहिला. तेथें ५॥, ३।, २॥। असे आंकडे आहेत. म्हणजे साडेपांच, सव्वातीन, पावणेतीन. बेरीज ११॥, साडेअकरा रुपये. बिचाऱ्या कारकुनाची एका पावलीचीही चूक नाहीं!

उभी रेघ म्हणजे पाव रुपया, आडवी म्हणजे एक आणा, हा संकेत आमच्या वाचकांस सांगावयास नको. जुन्या छापील पुस्तकांवरही दीड रुपया किंमत १॥ अशीच आढळते. टंकलेखकास कळफलकावर रेघ सांपडली नाहीं, त्यानें हाताशीं असलेला इंग्रजी एकाचा आंकडा दाबला, आणि पुढें सर्व आंकडे देवनागरींत बदलतांना रेघांचे १ झाले. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ रोजीं आलीं. त्यानंतरच्या माणसानें सव्वा-पावणेची खूण ओळखावी कशी? त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. संपादकांस मात्र द्यावा लागतो.

कारण या चिन्हांस संगणकांत जागा नाहीं असें आतां म्हणतां येत नाहीं. युनिकोडच्या ५.२ या आवृत्तींत, २००९ सालीं, पाव, अर्धा, पाऊण, एक, दोन व तीन आणे, रुपयाची खूण इत्यादि दहा चिन्हें समाविष्ट झालीं. खुद्द मोडीस २०१४ सालीं स्थान मिळालें. कळ नसली तरी वर्डमध्यें अर्ध्याचा क्रमांक ‘ए८३१’ (ए रोमन, आंकडेही इंग्रजी) लिहून आल्ट व एक्स एकत्र दाबावें, कीं चिन्ह उमटतें. टंकांत तें रूप नसेल तर रिकामी चौकट दिसेल. पण चौकटीपाशीं वाचक निदान थबकतो, ५११ वर तो थबकत नाहीं.

लग्नखर्चांतील ‘आचाऱ्यास मजुरी’ ही नोंद प्रतींत ‘आचार्यास मजुरी’ अशी आहे. स्वयंपाक्याची ही बढती पाहून आम्हां संस्कृतच्या शिक्षकांस हंसूं आलें. येथें तर क्रमांकाचीही गरज नव्हती. नुक्त्याचा ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’, एवढेंच.

पुढील आवृत्तीपूर्वीं हिशेबाचीं सर्व पानें मुळाशीं ताडून पाहावींत, आणि ती तळटीप काढून टाकावी. बंद मालकांनीं जपून ठेविले असून दाखविण्यास ते तयार आहेत.